सपाटमामांची पट्टी

सपाटमामा मूळचे गवंडी, आणि गवंड्यांतही गिलाव्याचे. विटा रचणाऱ्यांबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. भिंत काय, कोणीही उभी करतो, तिच्याकडे बघावंसं आम्ही करतो, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याही घरात शिरले की चप्पल काढायच्या आधी त्यांचा तळहात भिंतीवरून फिरायचा. मामी ह्या सवयीला कंटाळल्या होत्या. एकदा म्हणे दोघं कुणाच्या तरी आजारपणात भेटायला गेले, तर मामा पलंगाशी न जाता पलंगामागच्या भिंतीशी गेले आणि “इथं पोट आलंय” म्हणाले, म्हणजे गिलावा फुगलाय. आजारी माणसाने घाबरून स्वतःचं पोट चाचपलं. ही गोष्ट मामींनी मला किमान सहा वेळा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी मामा शेजारी बसून मान डोलावत होते.

अशा माणसाची पुढची चोवीस वर्षं बर्फाचा उंचसखलपणा मोजण्यात गेली. माझ्या नावापुढे आज जी पदवी लागते ती त्यांच्यामुळे लागते. हे मी कधीच लपवलेलं नाही, पण नीट बसून लिहिलंही नव्हतं. ते आता लिहिते.

आधी कामाविषयी सांगायला हवं. आमचं ठाणं हिमनदीच्या काठावर आहे. नाव नदी, पण वाहताना कुणाला दिसत नाही. ठाणं म्हणजे दगडी भिंतींच्या दोन खोल्या. एका खोलीत झोपायचं, दुसरीत स्टोव्ह, एक पाय आखूड असलेलं टेबल, दोरीवर वाळत घातलेले मोजे आणि कागदांचे गठ्ठे. शेवटचं गाव खाली दिवसभराच्या चालीवर. उन्हाळा लागला की आम्ही वर जायचं आणि बर्फ वितळतो कसा ते मोजत बसायचं. लोकांना वाटतं, वितळतो म्हणजे खाली जातो, त्यात बघायचं काय. पण बर्फ सरळ खाली जात नाही. कुठे वाटीसारखा खचतो, कुठे वरंबा राहतो, कुठे काळी धूळ साचून बोटभर रुंदीचं भोक पडतं. बर्फ जितका खडबडीत, तितका वारा त्याच्याशी लगट करतो आणि जाताना आपली ऊब देऊन जातो, असं पुस्तकं सांगतात. ते खरं का, आणि खरं असेल तर किती, हे आम्हाला शोधायचं होतं.

त्यासाठी एक फणी होती. दोन काठ्या बर्फात खोल भोक पाडून रोवायच्या आणि त्यांच्यावर दोन मीटरची आडवी दांडी बसवायची. दांडीला पाच-पाच सेंटिमीटरवर एकेचाळीस भोकं, प्रत्येक भोकात एक बारीक सळी. सळ्या सोडल्या की प्रत्येक सळी आपापल्या खालच्या बर्फावर जाऊन टेकते. मग मागे कागद लावलेली फळी धरायची आणि सळ्यांची टोकं पेन्सिलने टिपून घ्यायची. कागदावर बर्फाचा त्या दिवशीचा चेहरा उमटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बर्फ खाली जाईल तशी दांडीही काठ्यांवरच्या खाचांमधून एकेक टप्पा खाली घ्यायची. सगळा खेळ एकाच गोष्टीवर उभा आहे: काठ्या हलता कामा नयेत.

मामा तिथे आले ते खोलीच्या आतल्या भिंतीतून वारा यायचा म्हणून. थोरल्या सरांनी खालच्या गावातून गिलाव्यासाठी त्यांना आणवलं होतं. सर म्हणजे आमच्या ह्या सगळ्या उद्योगाचे मूळपुरुष. फणी त्यांनीच बनवली होती. त्या वर्षी त्यांचे दोन्ही मदतनीस आजारी पडून खाली गेले, आणि वर उरले सर, फणी आणि एक गवंडी. सरांनी मामांना विचारलं, चार दिवस जास्त राहाल का. मामा राहिले. बारा दिवस एकाच जागेचा चेहरा टिपून झाला होता. तेराव्या दिवशी सरांना पाय मुरगळल्यामुळे उशीर होणार होता, म्हणून त्यांनी मामांना पुढे पाठवलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत फणीखालची जागा तयार ठेवा.

आता गवंड्याला जागा तयार ठेवायला सांगितली तर तो काय करेल? मामांनी आधी हातोडीने वरंबे उडवले. मग थापीने वाट्यांच्या कडा खरवडल्या, चुरा भोकांत दाबून बसवला, वरून पाणी मारलं आणि दोन मीटर लांब, हातभर रुंद असा पट्टा आरशासारखा गुळगुळीत करून ठेवला. पाणसळ लावून बघितली. पट्टी फिरवून बघितली. कुठेही पोट नाही. मग काम चांगलं झालं म्हणून शेजारच्या खडकावर बसून सरांची वाट बघितली.

सर आले, त्यांनी बघितलं, आणि तेही खडकावर बसले. ओरडले नाहीत. मामा सांगायचे की ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडा खायची सवय होती. सर बराच वेळ बसून राहिले आणि एवढंच म्हणाले, “आधी काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.” मग त्यांनी चहा आहे का विचारलं. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, उद्या दुसरी जागा शोधू, तू पण चल.

मामांना हाकलून दिलं नाही, उलट दुसऱ्या वर्षी बोलावणं धाडलं. सपाटमामा हे नाव मात्र त्या दिवसापासून पडलं ते कायमचं. मामांना त्याचा राग नव्हता. स्वतःची ओळख करून देतानाही ते हेच नाव सांगायचे.

मी पहिल्यांदा वर गेले ते त्यांचं अठरावं वर्ष होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. माझा स्वभाव तसा आजही फार सुधारला आहे असं घरचे म्हणत नाहीत, पण तेव्हा तो अगदी ताजा होता. माझ्या प्रबंधाचा विषय हाच, खडबडीत बर्फ आणि वारा. पहिला उन्हाळा पूर्ण वाया गेला. सहा आठवडे धुकं आणि ओला बर्फ, मोजणीचे जेमतेम अकरा दिवस हाती लागले. सरांनी खाली उतरताना स्पष्ट सांगितलं की पुढचा उन्हाळा शेवटचा. तोही असाच गेला तर प्रबंध बंद करावा लागेल, कारण मागे दुसरे लोक थांबले होते. आईला मी हे सांगितलंच नाही. ती शेजारीपाजारी मला आत्ताच डॉक्टर म्हणायला लागली होती, आणि शेजारीण गुडघेदुखीवर औषध विचारून गेली होती.

दुसऱ्या उन्हाळ्याला मी जय्यत तयारीने गेले. मामांच्या काठ्या लाकडाच्या होत्या, पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या, आणि दरवर्षी भिजून-वाळून थोड्या वाकलेल्या. मी कारखान्यातून धातूचे पोकळ पाइप बनवून आणले, चार मीटर लांब, सरळसोट, चकचकीत, खाचा पाडलेले. लाकडी काठ्या खोलीमागे टाकून द्यायला सांगितल्या. मामांनी एका पाइपवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, काम सुबक आहे. मग थोडं थांबून म्हणाले, पण उन्हात तापेल ना हे? मी त्यांना सांगितलं की साडेतीन मीटर बर्फात आहेत, तापून तापून किती तापणार. ते बरं म्हणाले.

त्या वर्षी हवामान इतकं चांगलं होतं की मला स्वतःच्याच नशिबाची भीती वाटत होती. लागोपाठ सत्तेचाळीस दिवस मोजणी झाली, एकही दिवस न चुकता. रोज सकाळी मामा माझ्या तासभर आधी निघायचे. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं, काखेत त्यांची लाकडी पट्टी, आणि नंतर नंतर हातात एक रिकामं खोकं. ती नळी म्हणजे गवंडी लोक दोन टोकांची पातळी जुळवायला वापरतात ती, पाण्याने भरलेली. पाणी गोठू नये म्हणून त्यात ते थोडं स्पिरिट घालायचे. काठावरच्या खडकावर त्यांनी फार पूर्वी छिन्नीने एक फुली कोरली होती. नळीचं एक टोक त्या फुलीशी बांधायचं, दुसरं घेऊन बर्फावरून काठीपर्यंत जायचं, आणि पाणी कुठे ठरतं ते बघायचं. मी गेल्या वर्षापासून हे बघत होते. जुनी सवय, असेना का, असं मी मनाशी म्हटलं होतं. एकदोनदा त्यांना सांगितलंही की ह्याची आता गरज नाही, माझ्या दांडीवर बुडबुड्याची चांगली लेव्हल बसवलेली आहे. त्यावरही ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी नळी खांद्यावर होतीच. मी पोचले की विचारायची, “झाली का नळीची आंघोळ?” आणि ते हसायचे. खोक्यावरूनही मी त्यांना बोलले होते. मला वाटलं, बसायला आणतात. इथे काय सहलीला आलोय का आपण, असं मी म्हणाले होते. हे वाक्य आठवलं की आजही मला खोलीतून उठून बाहेर जावंसं वाटतं.

मामांना हाताने जे कळायचं ते मला कागदावरून संध्याकाळी कळायचं. सळ्या सोडायच्या आधी ते हातमोजा काढून बर्फाच्या अगदी जवळून तळहात न्यायचे, न टेकवता, आणि म्हणायचे, आज वाट्या खोल झाल्यात. संध्याकाळी टेबलाच्या आखूड पायाखाली घडी घालून ठेवलेला पुठ्ठा नीट करून मी आकडे मांडायची, तर वाट्या खरोखर खोल झालेल्या असायच्या. मी ते योगायोगाच्या खात्यात टाकायची.

तिसऱ्या आठवड्यापासून एक कटकट सुरू झाली. दांडीच्या लेव्हलमधला बुडबुडा मधोमध राहीना. रोज थोडासा उजवीकडे. मी स्क्रू फिरवून त्याला मधे आणायची आणि कामाला लागायची. भोकं पाडताना मामांनी एक तिरकं पाडलं असणार, असा मी मनात निकाल लावून टाकला होता. एके दिवशी मी स्क्रू फिरवत असताना मामा जवळ येऊन म्हणाले, “ताई, काठ्या बसतायत.”

मी म्हणाले, काठ्या बसत नाहीयेत मामा, दांडी वाकडी आहे. ते म्हणाले, डावी जास्त बसतेय. मी म्हणाले, मग भोकं नीट पाडायला हवी होती. हे मी चांगल्या आवाजात म्हणाले नाही. त्यानंतर तो विषय मामांनी काढला नाही.

पाचव्या आठवड्यात मला शोध लागला. एकूण किती बर्फ वितळला ते फणी सांगायची, आणि उन्हाने किती वितळला ते दुसरं यंत्र सांगायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो तो वाऱ्याचा वाटा. हा वाटा मुळात लहान, दिवसाला जेमतेम पाचसहा मिलिमीटर. माझ्या आकड्यांत ज्या आठवड्यांत बर्फ सगळ्यांत खडबडीत होता, त्याच आठवड्यांत वाऱ्याचा वाटा जवळजवळ शून्य येत होता. म्हणजे पुस्तकं चूक, थोरले सर चूक आणि मी बरोबर. मी चार वेळा आकडेमोड केली. मग सामान घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर सरांना पत्र धाडलं. त्यात नम्रपणाचं एक वाक्य होतं, ते मी शेवटी घातलं होतं.

सर स्वतः वर आले. पासष्टी उलटलेला माणूस, दिवसभर चढून. मामांना फार आनंद झाला. त्यांनी सरांच्या बुटांत कागद कोंबून ते स्टोव्हजवळ वाळत ठेवले आणि चहात साखर किती ते न विचारता बरोबर घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं फणीपाशी गेलो. तो सत्तेचाळिसावा दिवस, शेवटची मोजणी. ऊन कडक होतं. मी बोलत होते, सर ऐकत होते. बोलता बोलता त्यांनी आधारासाठी पाइपवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग दुसरा हात ठेवला.

“लाकडाच्या काठ्या कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की बदलल्या. ते म्हणाले, हा पाइप कोमट आहे. मला त्याच क्षणी सगळं कळलं. पोकळ धातू दिवसभर ऊन पितो आणि खाली पोचवतो. तळाचा बर्फ थोडा थोडा वितळतो आणि पाइप खाली बसतो. पाइपबरोबर दांडी बसते. दांडीही खाली आणि बर्फही खाली, त्यामुळे बर्फ खरा जेवढा गेला त्यापेक्षा कमी गेल्यासारखा दिसतो. ऊन जास्त तितका खोटेपणा जास्त. आणि ऊन जास्त असतं तेव्हाच बर्फ सगळ्यांत खडबडीत होतो. शोध वगैरे काही नव्हता. माझे पाइप बुडत होते, आणि बुडबुडा मला ते रोज सांगत होता, आणि मी स्क्रू फिरवून त्याचं तोंड बंद करत होते. स्क्रू किती फिरवला ते लिहूनही ठेवलं नव्हतं.

“किती बसले असतील?” सरांनी विचारलं.

मी म्हणाले, माहीत नाही. ते म्हणाले, रोजचं कळल्याशिवाय ह्या आकड्यांचं काही करता येणार नाही. आवाज चढवला नाही. मामा सांगायचे ते मला तेव्हा पटलं, की ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांसमोर आई आली, आणि गुडघेदुखीवर औषध विचारणारी शेजारीण आली. दोन उन्हाळे संपले होते, तिसरा मिळणार नव्हता. मी खाली बसले. बसायला काही नव्हतं, म्हणून मामांच्या खोक्यावर बसले.

मामा खाकरले. म्हणाले, “ताई, ते खोकं जरा देता?”

मी उठले. त्यांनी खोकं पाइपला लावून ठेवलं, त्यावर चढले, आणि काखेतली पट्टी पाइपच्या वरच्या टोकाला टेकवून उभी धरली. पाइपचं टोक आता माझ्या डोक्याच्या वर होतं, कारण बर्फ तेवढा खाली गेला होता. सुरुवातीला ते टोक गुडघ्याशी होतं. तेव्हा खोकं लागत नव्हतं. मग पट्टी त्यांनी सरांच्या हातात दिली.

पट्टीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला काळ्या. मामांना आकड्यांचं वावडं होतं. गिलाव्याच्या कामात ते उंची कधी लिहून ठेवत नसत, पट्टीवर खूण करत. लाल म्हणजे डावी काठी, काळी म्हणजे उजवी. खडकावरच्या फुलीच्या पातळीत पाणी जिथे ठरतं, तिथपासून पाइपच्या टोकापर्यंतचं अंतर, रोज सकाळी, एक रेघ. पाइप बसला की अंतर कमी होतं, रेघ थोडी सरकते. काठाजवळ हिमनदी आठवड्याला नखभरही वाहत नाही, म्हणजे सगळं बसणं पाइपचंच. सरांनी चष्मा वर केला आणि रेघा मोजल्या. मीही मोजल्या. सत्तेचाळीस लाल आणि सत्तेचाळीस काळ्या.

सरांनी वर बघून मामांना विचारलं, “हे करायला कुणी सांगितलं रे तुला?”

मामा म्हणाले, “तुम्हीच म्हणाला होता की.”

सर म्हणाले, मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. मामा म्हणाले, सांगितलं नव्हतं, म्हणाला होता, आधी काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही, असं.

परतताना सर पुढे गेले आणि मी मामांबरोबर मागे राहिले. नळीचं वेटोळं मी माझ्या खांद्यावर घेतलं होतं, एवढंच मला सुचलं. मी त्यांना म्हणाले की मी तुम्हाला वाईट बोलले, भोकांवरून आणि खोक्यावरूनही. माझी चूक झाली. मग मी विचारलं की तुम्हाला एवढं दिसत होतं, तर तुम्ही मला धरून बसवून पट्टी दाखवली का नाही.

“तुम्ही ऐकायच्या तयारीत नव्हता,” मामा म्हणाले. “मी पण नव्हतो त्या वर्षी. मला कुणी येऊन सांगितलं असतं की गवंडीबुवा, खरवडू नका, तर मी त्याला थापी दाखवली असती. मग म्हटलं, बोलून उपयोग नाही तर निदान खुणा तरी करून ठेवाव्यात. लागल्या तर लागल्या.”

त्या आठवड्यात टेबलावर पट्टी ठेवून मी भिंगातून एकेक रेघ वाचली. सरांनी आकडे लिहून घेतले आणि मामांनी आम्हाला चहा पाजला. डावा पाइप पंधरा सेंटिमीटर बसला होता, उजवा तेरा. रोजचं बसणं रोजच्या मोजणीत मिळवलं आणि सत्तेचाळीस दिवस पुन्हा उभे राहिले. वाऱ्याचा वाटा परत आला, आणि खडबडीत आठवड्यांत तो नेमाने जास्त होता. पुस्तकं बरोबर होती. किती बरोबर, ते मात्र आमच्या ठाण्यावरून पहिल्यांदा आकड्यांत सांगता आलं. त्यावर माझा प्रबंध झाला. आईने शेजारणीला शेवटी समजावून सांगितलं की ही त्यातली डॉक्टर नव्हे. शेजारणीची निराशा झाली.

प्रबंधात मामांचं नाव मी पहिल्या पानावर घातलं, खरं नाव. ते पान त्यांना दाखवलं तर म्हणाले, हे कोण?

त्यानंतर आणखी पाच उन्हाळे ते वर आले. मग गुडघ्यांनी नको म्हटलं. सर त्याआधीच घरी बसले होते आणि ठाणं माझ्याकडे आलं होतं. मामा यायचे थांबले त्या वर्षी, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी, मी त्यांच्या घरी गेले. खालच्या गावात, दोन जिने चढून. जिन्याच्या भिंती इतक्या सरळ की हात लावून बघावासा वाटला, आणि मी लावलाही. घरात मात्र स्वयंपाकघरातली एक भिंत नुसत्या विटांची होती. मामींनी मला सगळ्यांत आधी ती दाखवली. चोवीस वर्षं पुढच्या हिवाळ्यात करतो म्हणतायत, असं त्या म्हणाल्या.

मी पट्टी मागायला गेले होते. ठाण्यात भिंतीवर लावून ठेवावी, नव्या मुलामुलींना दाखवावी, असं मनात होतं. मामांनी ती कपाटामागून काढून दिली. एका अंगाला माझ्या वर्षाच्या रेघा अजून होत्या, फिकट झालेल्या, पण सगळ्या. दुसरं अंग कोरं होतं. मी पट्टी हातात धरली आणि मला काहीतरी वेगळं लागलं. जिथे मामा ती मुठीत धरायचे ते टोक जाड होतं, आणि तिथून पुढे ती एकदम पातळ होत गेली होती. इतकी वर्षं ती त्यांच्या हातात बघितली, पण माझ्या हातात मुठीकडून कधी आली नव्हती. मी विचारलं, ही अशी का आहे?

“रंधा मारून,” मामा म्हणाले. जणू मी दूध पांढरं का विचारलं होतं.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं, म्हणजे मी एकेक प्रश्न विचारत गेले म्हणून सांगितलं. सरांची जागा सपाट केली त्याच्या पुढच्या वर्षापासून ते रोज खुणा करत होते. तेव्हा काठ्या लाकडाच्याच होत्या, बसत नव्हत्या, रेघ रेघेवरच पडायची. उन्हाळा संपला आणि कुणाला खुणांची गरज पडली नाही, की ते पट्टीवर एकदा रंधा मारायचे आणि पुढच्या वर्षी कोऱ्या लाकडावर पहिल्यापासून सुरुवात करायचे. सतरा वर्षं असं केलं. मग माझं वर्ष आलं. माझ्या वर्षावर त्यांनी रंधा मारला नाही. पट्टी उलटी करून दुसऱ्या अंगावर पुढची पाच वर्षं काढली, आणि तीही दरवर्षी साफ केली.

माझ्या पिशवीत मापाची चिमट्यासारखी पट्टी नेहमी असते. ती मी काढली. कमी होत जाणारा पृष्ठभाग मोजणं हाच माझा धंदा, तेव्हा दुसरं काय करणार. मुठीचं टोक चोवीस मिलिमीटर भरलं. मधलं लाकूड तेरा. अकरा मिलिमीटर गेलं होतं, बावीस उन्हाळ्यांचं, दर उन्हाळ्याला अर्धा. मामांचा हात इतका नेमका होता. रोज सकाळी तासभर आधी उठून, नळी खांद्यावर टाकून केलेल्या त्या सगळ्या रेघा होत्या. एकही कधी कुणाला लागली नव्हती आणि कुणाला माहीतही नव्हती. त्यांचा भुसा ह्या घरातल्या केरात गेला होता.

मला रडू आलं. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मामांना म्हणाल्या, काय बोललात तिला? मी सांगितलं की काही बोलले नाहीत. मग मी मामांना म्हणाले की माझ्या वर्षाबद्दल तुमचे आभार मी मागेच मानले आहेत, ते पुरे नव्हतेच. पण त्या बाकीच्या बावीस वर्षांबद्दल तुमचे आभार कुणीच मानलेले नाहीत. ते मला आज मानायचे आहेत.

मामा थोडे ओशाळले. पट्टी माझ्या हातातून घेऊन त्यांनी तिच्या कोऱ्या अंगावरून तळहात फिरवला, कुठे पोट राहिलं नाही ना ते बघितलं.

“अहो ताई,” ते म्हणाले, “त्या लागल्या नाहीत, तेच बरं झालं की.”

पट्टी त्यांनी दिली, पण भिंतीवर लावू नका, वापरा, असं बजावून दिली. आम्ही वापरतो. लाकडी काठ्या पुन्हा आल्या आहेत. बर्फ इतका खाली गेला आहे की खडकावरची फुली आता उंचावर राहिली, म्हणून खाली नवी कोरली. नव्यांपैकी कुणीतरी रोज सकाळी तासभर आधी नळी घेऊन जातं, कुरकुरत, आणि मी त्यांना कुरकुरू देते. माझ्या वर्षाच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, हा एकच नियम आहे.

मागचा उन्हाळा चांगला गेला. एकही खूण कुणाला लागली नाही. शेवटच्या दिवशी मी पट्टी टेबलावर आडवी धरली आणि स्वतः रंधा मारला. माझा हात मामांसारखा नाही, थोडं वाकडं गेलं. खाली उतरल्यावर त्यांना दाखवायला नेली, तर तळहात फिरवून म्हणाले, इथं पोट आलंय.